छोटी बोट घेताय? आधी तिची मागची फळी बघा

१४ ते १८ फुटी फायबरची बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, अशी बोट पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. दिवाळे, सारसोळे, ऐरोली, ठाण्यात चेंदणी, अशा ठिकाणी कोणी ओळखीचा नाखवा असेल तर त्याच्यासोबत दोन-चार फेऱ्या मारून हे सगळं आपोआप कळतं, पण आता बोट घेणारे बरेच जण कोळीवाड्याबाहेरचे आहेत, कोणाला गळ टाकायचाय, कोणाला फ्लेमिंगोचे फोटो काढायचेत, कोणाला नुसतं रविवारी खाडीत फिरायचंय, मग सेकंडहँड बोट बघायला जातात आणि विचारतात काय तर इंजिन किती एचपी, किती तास चाललंय, सीट फाटलेत का. मागची फळी कोणी बघत नाही. फळी म्हणजे ट्रान्सम, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं ती. छोट्या बोटीत पाणी घुसायची सगळ्यात सोपी जागा तीच आणि पाणी बाहेर जायची वाटही तिथेच असते, म्हणून माझ्या मते बोट बघायला सुरुवात मागून करायची.

माझ्यावर आलेला प्रसंग आधी सांगतो म्हणजे पुढचं सगळं का लिहिलंय ते कळेल. ऑक्टोबर संपत आला होता, घारापुरीच्या बाजूने दिवाळ्याला परत येत होतो, मी, माझा मामा आणि दोन मित्र. दुपारचा पश्चिमेचा वारा पाठीवर, आणि ओहोटी लागलेली, म्हणजे खाडीचं पाणी बाहेर चाललंय आणि वारा आत येतोय, अशा वेळी लाट उंचीला फार नसली तरी उभी आणि जवळजवळ येते. अटल सेतूच्या खालून पुढे आलो आणि अचानक समोर जाळ्याचे बोये दिसले, मी घाबरून थ्रॉटल एकदम खाली घेतला. बोट थांबली, तिच्या मागची लाट नाही थांबली. आमच्याच बोटीने मागे उठवलेलं पाणी आणि त्याच्यावर चढून आलेली लाट असं दोन्ही मिळून इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी आत आलं आणि दहा सेकंदांत पोटरीपर्यंत पाणी. ट्रान्समला पाणी जायला दोन भोकं होती, पण एकात पिशवीचा तुकडा अडकलेला आणि दुसरं जेमतेम बोटभर रुंदीचं. मामाने इंजिन बंद पडू न देता बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाटेकडे फिरवलं आणि मित्रांनी बादलीने उपसलं म्हणून आम्ही बोटीत बसूनच घरी आलो. जेट्टीवर मामा एवढंच म्हणाला, "पानी येनारच रं, त्याला जायाला वाट दे पहिली."

त्याच्यानंतर मी तीन महिने बोट पाण्यात न घालता ट्रान्समचं काम करून घेतलं. त्यात जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पायरी १: टेप घेऊन उंची मोजा

ट्रान्समच्या बरोबर मध्ये, जिथे इंजिन बसतं, तिथे वरच्या कडेपासून बोटीच्या तळापर्यंत टेप सरळ उभी धरून मोजा. आउटबोर्ड इंजिनांचे शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणारे दांडे, साधारण १५ इंच, २० इंच आणि २५ इंच अशा मापाचे येतात आणि ट्रान्सम त्या मापाला जुळवून कापलेला असतो. आता विचार करा, १५ इंचाचा ट्रान्सम, त्यातला माणसं बसल्यावर ६ ते ८ इंच पाण्याखाली, मग वर उरलं काय? एक वीत. तुमच्या आणि समुद्राच्या मध्ये एक वीत. शांत पाण्यात हे चालतं, तलावात चालतं, पण वाशी पुलाच्या दक्षिणेला जायचं असेल, जिथे मोठ्या जहाजांच्या आणि लाँचच्या लाटा येतात, तिथे मी तरी १५ इंचाच्या ट्रान्समची बोट घेणार नाही. २० इंचाचाच बघा.

काहीजण काय करतात, ट्रान्समच्या वर लाकडाचा तुकडा बसवून उंची वाढवतात आणि इंजिन तेच आखूड शाफ्टचं ठेवतात. मग पंखा वर येतो आणि हवा ओढतो, इंजिन नुसतं ओरडतं, बोट पुढे जात नाही. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी, तेव्हा उंची वाढवायची तर इंजिनही लांब शाफ्टचं लागणार, हा खर्च बोट घेतानाच धरा.

इंजिनासाठी ट्रान्सम मध्ये खाली कापलेला असेल तर त्याच्या पुढे, बोटीच्या आतल्या बाजूला, अजून एक आडवी भिंत आहे का बघा. ती भिंत आणि ट्रान्सम यांच्यामध्ये हौदासारखी जागा तयार होते, लाट आत आली तर त्या हौदात पडते आणि हौदाच्या भोकांतून परत बाहेर जाते, माणसांपर्यंत येतच नाही. ही आतली भिंत बाजूच्या काठाइतकी उंच असेल तर उत्तम. नसेल तर फायबरचं काम करणाऱ्याकडून बनवून घेता येते, आणि सगळ्या खर्चात हा खर्च मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. फक्त इंजिन पूर्ण वर उचलल्यावर भिंतीला लागत नाही ना ते आधी मोजून घ्या.

या हौदात एक चोरवाट असते. स्टिअरिंगची केबल, पेट्रोलचा पाइप, वायरी हे सगळं हौदाच्या भिंतीला भोक पाडून आत घेतलेलं असतं आणि त्या भोकावर रबरी बूट असतो. उन्हाने हा बूट तडकतो आणि मग हौदात आलेलं पाणी गुपचूप तळात जातं, दिसतही नाही. बूट स्वस्त असतो, बदलून टाका.

पायरी २: मागे किती वजन आहे ते एका कागदावर लिहा

४० एचपीचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन ७०-७५ किलोचं असतं, तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक १०० किलोच्या आसपास जातं. म्हणजे जुन्या बोटीला नवीन इंजिन लावलं की पंचवीसेक किलो वाढले आणि ते पण बरोबर टोकाला. त्याच्यात पेट्रोलची २५ लिटरची टाकी म्हणजे १८-१९ किलो, बॅटरी, बर्फाचा डबा, आणि गळ टाकायला मागेच येऊन बसणारे दोघे जण. टाकी, बॅटरी आणि बर्फ मधल्या बाकाखाली सरकवला की ट्रान्सम लगेच वर येतो. एवढं केलं तरी फरक डोळ्याला दिसतो, पैसे शून्य.

पायरी ३: तुमची बोट कुठल्या जातीची आहे ते ओळखा

ही पायरी चुकली तर पुढचं सगळं चुकतं म्हणून इथे सावकाश वाचा.

काही बोटींचा डेक, म्हणजे पाय ठेवतो ती जमीन, बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असतो. अशा बोटीत ट्रान्समला डेकच्या पातळीवर भोक पाडलं तर आत पडलेलं पाणी आपल्या वजनाने बाहेर जातं, पंप नको, बॅटरी नको. याला सेल्फ ड्रेनिंग म्हणतात. आणि काही बोटींचा डेक पाण्याच्या पातळीखाली असतो, किंवा डेकच नसतो, तळावरच फळ्या टाकलेल्या असतात. आपल्या खाडीतल्या बहुतेक लहान होड्या या दुसऱ्या जातीच्या. अशा बोटीला कोणाचं तरी ऐकून ट्रान्समला भोक पाडलंत तर पाणी जायचं राहिलं बाजूला, बाहेरचं आत येईल.

ओळखायचं कसं? बोट शांत पाण्यात घ्या, सकाळी, वारा पडलेला असताना. जेवढी माणसं नेहमी नेणार तेवढी बसवा, पेट्रोल भरा, नांगर वगैरे सगळं सामान ठेवा. दोन जणांना मुद्दाम मागच्या कोपऱ्यात बसवा. आता बाहेरून पाण्याची रेषा कुठे आहे तिथे खडूने खूण करा आणि आतून डेकचा सगळ्यात खालचा कोपरा तिच्याशी ताडून बघा. डेक निदान ७-८ सेंटीमीटर वर पाहिजे. रिकाम्या बोटीवर केलेलं माप कामाचं नाही, विकणारा तुम्हाला रिकामी बोटच दाखवतो.

डेक पाण्याखाली असेल तर ती बोट वाईट असं नाही, तिचा मार्ग वेगळा एवढंच. तिथे पाणी आतच येऊ नये यावर भर द्यायचा, म्हणजे ट्रान्सम उंच, मागे हौद, नाळेवर थोडा झाकलेला भाग, आणि मग पंप आणि बादली. डेक उचलून सेल्फ ड्रेनिंग करू असं वाटतं बऱ्याच जणांना, पण डेक वर गेला की माणसांचं वजनही वर जातं आणि बोट डुलायला लागते, १४-१५ फुटी अरुंद बोटीत हे करू नका. आणि दोन्ही जातींत बाकाखाली, काठाखाली बंद फोम भरून घ्या, कारण फायबर स्वतः तरंगत नाही, वर इंजिनाचं वजन, पाणी भरलं की बोट मागून बुडते आणि नाळ तेवढी वर उभी राहते, अशा बोटीला धरून राहणं फार अवघड. फोम कोपऱ्यांमध्ये आणि काठाजवळ भरलात तर भरलेली बोटही आडवी, सपाट तरंगते.

पायरी ४: भोक किती मोठं?

इथे थोडं गणित आहे, पण ते केल्याशिवाय पटत नाही.

समजा डेकची मोकळी जागा ३ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद. त्यात १० सेंटीमीटर पाणी, म्हणजे घोट्याच्या थोडंसं वर. झाले ४२० लिटर. खाऱ्या पाण्याचं वजन लिटरला एक किलोपेक्षा किंचित जास्त, म्हणजे ४३० किलो. सहा माणसं अचानक बोटीत उडी मारून आली असं समजा, आणि ही माणसं एका जागी बसत नाहीत, बोट ज्या बाजूला कलेल तिकडे सगळी धावतात. बोट उलटते ती बऱ्याचदा अशीच, पाण्याच्या वजनाने कमी आणि पाण्याच्या धावण्याने जास्त.

हे ४२० लिटर २५ मिलिमीटरच्या, म्हणजे इंचाच्या, दोन भोकांतून जायला हिशेबाने साधारण १७ मिनिटं लागतात. पाण्याची उंची कमी होत जाते तसा वेगही कमी होतो, म्हणून शेवटचं पाणी फार रेंगाळतं. खवळलेल्या पाण्यात १७ मिनिटं कोण देणार तुम्हाला, पुढची लाट दहा सेकंदांत येते. आता तीच भोकं ७५ मिलिमीटरची करा. व्यास तिप्पट झाला की क्षेत्रफळ नऊपट होतं, तेच पाणी दोन मिनिटांत जातं, झडपेची अडचण धरून तीन-चार म्हणा. म्हणून इंचाची चार भोकं पाडण्यापेक्षा तीन इंचाची दोन पाडा. लहान भोकाचा अजून एक त्रास म्हणजे आपली खाडी. पिशव्या, तिवराची पानं, थर्माकोलचे गोळे, ओहोटीला बोट चिखलात बसते तेव्हा गाळ, यातलं काहीही इंचाच्या भोकाला पुरतं. बाहेरून जाळी लावायची असेल तर जाळीतली मोकळी जागा मूळ भोकापेक्षा कमी होत नाही ना बघा, नाहीतर मोठं भोक पाडून परत लहान केल्यासारखंच.

अजून एक गोष्ट गणितात लपलेली आहे. ४३० किलो पाणी आत आलं की १६ फुटी बोट साधारण ८ सेंटीमीटर खाली बसते, आणि पाणी मागे जमतं म्हणून मागून अजून जास्त. डेक आधी ८ सेंटीमीटर वर असेल तर आता तो बाहेरच्या पाण्याच्या बरोबरीला आला, आत १० सेंटीमीटर पाणी आहे तर ते तरीही जोरात बाहेर जाईल. पण डेक मुळात ३ सेंटीमीटरच वर असेल तर बाहेरचं पाणी आता डेकच्या ५ सेंटीमीटर वर आलं, आत १०, फरक फक्त ५ चा, आणि जेवढा फरक कमी तेवढं पाणी हळू जाणार. पायरी ३ मधल्या त्या ७-८ सेंटीमीटरचं कारण हे आहे.

भोकं ट्रान्समच्या दोन्ही टोकांना, डावी-उजवीकडे, डेकच्या अगदी खालच्या कोपऱ्यात पाहिजेत. मध्ये एकच असेल तर बोट कललेली असताना पाणी कोपऱ्यात बसतं आणि भोक कोरडं. छोट्या बोटींसाठी आयएसओ ११८१२ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, फक्त डेकवरचं पाणी किती लवकर गेलं पाहिजे आणि डेक पाण्याच्या किती वर पाहिजे याच्यासाठी वेगळं मानक केलंय, यावरून विषय किती गंभीर आहे ते कळेल.

पायरी ५: आत येणारं पाणी अडवायची झडप

भोक मोठं केलं की मागून येणारी लाट त्यातूनच आत येणार, म्हणून बाहेरच्या बाजूला झडप. सगळ्यात साधी म्हणजे रबराचा जाड तुकडा, फक्त वरच्या कडेने स्क्रू मारून लटकवलेला. आतून पाणी ढकलतं तेव्हा उघडतो, बाहेरून लाट आली की भोकावर चिकटतो. रबर निओप्रीनचं घ्या, टायरट्यूबचं उन्हात महिन्या-दोन महिन्यांत वाकडं होतं. फार जाड पण नको, डेकवर दोन-तीन सेंटीमीटर पाणी असताना उघडलं पाहिजे, ताठ रबर तेवढ्या पाण्याला दादच देत नाही. बाजारात आत चेंडू असलेल्या पण झडपा मिळतात, चेंडू पाण्याबरोबर वर जाऊन भोक बंद करतो, चांगल्या आहेत पण आपल्या गाळात चेंडू अडकतो हे मी दोनदा बघितलंय, त्यामुळे मी रबरावर परत आलो.

तिसरा प्रकार म्हणजे रबरी सोंड. भोकाला बाहेरून मोठी लवचिक नळी लावायची आणि तिचं टोक दोरीने वर बांधून ठेवायचं. जेट्टीला बांधलेली असताना टोक वर, पाणी आत येत नाही, समुद्रात लाट आत आली की दोरी सोडायची, सोंड खाली पडते आणि भसकन पाणी जातं. हवा भरलेल्या रबरी बचाव बोटींवर असतात या सोंडा. डेक थोडा खाली असलेल्या बोटीलाही चालतात, पण त्यात एक अट आहे, पाणी गेलं की सोंड परत वर ओढायची आठवण कोणाला तरी राहिली पाहिजे.

पांढऱ्या साध्या प्लॅस्टिकची फिटिंग लावू नका. आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत ती इतकी कडक होते की हाताने तुटते, आणि ती तुटली की पाण्याच्या रेषेवर तीन इंचाचं उघडं भोक. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस किंवा ब्राँझ.

पायरी ६: फळी आतून कुजलेली नाही ना

बऱ्याच फायबर बोटींच्या ट्रान्सममध्ये आत प्लायवूड असतं, दोन्ही बाजूंनी फायबरचा थर. कोणीतरी कधीतरी सेन्सर, शिडी, नाहीतर नांगराची कडी लावायला स्क्रू मारला, सीलंट न लावता, की पाणी आत जाऊन प्लाय कुजतं आणि बाहेरून सगळं चकचकीत. तपासायला दोन गोष्टी करा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा, चांगल्या फळीचा आवाज टणक येतो, कुजलेली बद्द वाजते. आणि इंजिन उचललेलं असताना त्याचा खालचा भाग धरून वरखाली जोर द्या, ट्रान्सम वाकताना दिसला, कोपऱ्यांत केसासारखे तडे उघडताना दिसले, तर ती बोट सोडा किंवा पूर्ण ट्रान्सम बदलायचा खर्च किमतीतून कमी करून घ्या.

तुम्ही स्वतः झडपेसाठी भोक पाडाल तेव्हा हेच लक्षात ठेवायचं. आधी लागतं त्यापेक्षा थोडं मोठं पाडा, आतली प्लायची उघडी कड पूर्ण सुकू द्या, मग एपॉक्सी भरून ती कड बंद करा, आणि मग नेमक्या मापाचं भोक. स्क्रूच्या भोकांनाही तेच. वर मरीन ग्रेडचं पॉलियुरेथेन सीलंट, बाथरूमचं सिलिकॉन नाही. हे काम सुक्या दिवसांत करा, पावसाळ्यात प्लाय सुकतच नाही.

पायरी ७: पंप आणि बादली, दोन्ही

पंपाच्या खोक्यावर ११०० गॅलन असं तासाचं लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला साधारण ७० लिटर. पण ते पाइप वर न चढवता. तुमचा पाइप दीड-दोन फूट वर जाणार, वळणं घेणार, बॅटरी थोडी उतरलेली असणार, तेव्हा दोन तृतीयांश धरा, ४५ लिटर. वरचे ४२० लिटर उपसायला नऊ मिनिटांपेक्षा जास्त. पंप चांगलाच आहे, हळूहळू झिरपणाऱ्या पाण्यासाठी तर पाहिजेच, पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच लावा, वायर फ्यूज घालून थेट बॅटरीवरून घ्या, आणि बॅटरी तळात ठेवू नका, पाणी चढलं की आधी तीच जाते आणि तिच्यासोबत पंप. पण पूर्ण भरलेल्या बोटीला पंप वाचवेल या भरवशावर राहू नका. १० लिटरची जाड बादली, कडीला दोरी बांधून दोरीचं दुसरं टोक बोटीला, आणि एक ५ लिटरचा कॅन तिरका कापून केलेलं उपसणं, अरुंद जागेत बादली जात नाही तिथे ते जातं.

पायरी ८: चालवताना

उत्तम ट्रान्सम असून हातातली सवय चुकीची असेल तर पाणी येणारच.

पाठीवर लाट असताना थ्रॉटल झटक्यात सोडायचा नाही. थोडा थोडा कमी करायचा, म्हणजे आपल्या मागचं पाणी हळूच खालून निघून जातं. लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच वेगाने चालायचं, तिच्या माथ्यावरून पुढे उडी मारायची नाही, कारण मागची रुंद सपाट फळी लाटेने उचलली की नाळ खाली खुपसते आणि बोट आडवी फिरते. दोन्ही टोकांना निमुळत्या होडीला लाट दुभंगून जाते, सपाट फळीला ती दाबते, हा आपल्या बोटींचा स्वभाव आहे, वेगासाठी आणि इंजिनाचं वजन पेलण्यासाठी ती फळी सपाट ठेवलेली असते. थांबायचंच असेल तर दोन लाटांच्या मधली शांत जागा बघून नाळ लाटेकडे वळवा आणि मग थांबा.

नांगर कधीही मागून टाकू नका. कधीही. गळ टाकायला सोपं जातं म्हणून लोक ट्रान्समच्या कडीला दोरी बांधतात, आणि उधाणाच्या दिवशी ठाण्याच्या खाडीत पाणी जेव्हा जोरात ओढतं, भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक असतो तेव्हा, दोरी ट्रान्समला खाली ओढते, इंजिनाच्या वजनाने तो आधीच खाली, आणि पाणी सरळ त्याच्यावरून आत. दोरी नाळेलाच, खोलीच्या निदान पाचपट, लाट असेल तर सातपट. इंजिन बंद पडलं तर पहिलं काम दुरुस्ती नाही, पहिलं काम नाळेवरून नांगर, कारण बंद इंजिनाची बोट पाठ लाटेकडे करून उभी राहू शकते. तळ खोल असेल आणि नांगर पोचत नसेल तर बादली दोरीला बांधून नाळेवरून सोडा, नाळ वाऱ्याकडे यायला तेवढीही मदत करते.

आणि पाणी आलंच तर. सगळ्यांनी खाली बसायचं, मध्ये, उभं राहून मागे धावत जायचं नाही. कमी वेगात नाळ लाटेकडे. एकाने काठी घेऊन भोकं मोकळी करायची, एकाने बादली. एकदम फुल थ्रॉटल देऊन पाणी मागे पळवायचा मोह होतो, पण नाळ वर उचलली की सगळे ४३० किलो ट्रान्समवर येऊन बसतात आणि पुढची लाट घेऊन जातात. अर्ध्याहून जास्त पाणी गेलं की मग हळूहळू वेग वाढवा, चालत्या बोटीच्या ट्रान्सममागे पाणी ओढलं जातं त्यामुळे उरलेलं पटकन निघतं. बोट भरली तरी तिला सोडून पोहत निघू नका. लाइफ जॅकेट जेट्टीवरूनच घालून निघायचं, पाण्यात पडल्यावर ते घालणं फार अवघड. तटरक्षक दलाचा शोध आणि बचावासाठीचा नंबर १५५४, फोनमध्ये आत्ताच टाका आणि फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये.

पायरी ९: जेट्टीवरची चाचणी

हे करायला एक सकाळ पुरते. अष्टमीच्या आसपासचा दिवस घ्या, भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. माणसं बसवा, झडपा लावलेल्या, आणि बादलीने मोजून १०० लिटर पाणी डेकवर ओता, फोनवर स्टॉपवॉच लावा. बहुतेक पाणी दीड-दोन मिनिटांत गेलं पाहिजे. मग दोघांना डाव्या कोपऱ्यात बसवून परत, मग उजव्या. माझ्या बोटीला पहिल्या वेळी उजव्या कोपऱ्यात दोन बोटं पाणी तसंच राहिलं, बघितलं तर डेकलाच तिकडे उतार नव्हता, मग फायबरचा एक थर देऊन उतार काढला. हे खाडीत जाऊन कळण्यापेक्षा जेट्टीवर कळलेलं बरं. मग माणसं बाहेर काढा आणि मागून एका मित्राला दुसऱ्या बोटीने जवळून वेगात जायला सांगा, झडपा लाट अडवतात की नाही ते दिसेल.

पावसाळ्यात बोट वर काढून ठेवाल, जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा कोळीवाड्यात बहुतेक बोटी वर असतात, त्यांच्याकडे बघून शिका. नाळ उंच, मागची बाजू खाली, आणि ट्रान्समच्या तळाचा ड्रेन प्लग, म्हणजे पाणी काढायच्या भोकाचं बूच, काढलेला. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे जुलैत नवीन नाही, ६ चौरस मीटरच्या उघड्या बोटीत ते ६०० लिटर झाले, प्लग लावलेला राहिला तर ट्रेलर वाकतो, तळाला तडा जातो. काढलेला प्लग मी बोटीत कुठेच ठेवत नाही, इंजिनाच्या चावीला लाल दोरीने बांधून ठेवतो, म्हणजे ऑगस्टमध्ये चावी हातात घेतली की आधी प्लग हातात येतो.